आवाजाचा कीबोर्ड

"यांना ऐकू येतं का?" तोंडातला रस सांडू नये म्हणून हनुवटी वर धरून दुकानदाराने ऋतुजाला विचारलं.

"येतं की. त्यांनाच घ्यायचाय कीबोर्ड. त्यांच्याशीच बोला."

दुकानदाराने कोनापुरेंकडे पाहिलं. त्यांच्या नाकाखालून मानेपर्यंत बांधलेल्या पांढऱ्या रुमालावर त्याची नजर क्षणभर थांबली आणि परत ऋतुजाकडे गेली. "वायरलेस पायजे ना? मग ह्यो घ्या. कीबोर्ड आन् माऊस दोनी हाय यात. रिटायर मानसं ह्योच नेतात. पत्ते खेळायला बेस."

'बेस' म्हणताना एक तांबडा थेंब खोक्यावर उडाला. त्याने तो अंगठ्याने पुसला, अंगठा पँटला पुसला आणि तेच खोकं कोनापुरेंच्या पुढे धरलं.

कोनापुरेंनी हात पुढे केला नाही. चुना, सुपारी आणि तंबाखूचा तो ओलसर, आंबूस वास त्यांच्या नाकात शिरला. डॉक्टरांनी जीभ काढली, डावा जबडा काढला. नाक मात्र जसंच्या तसं ठेवलं होतं.

ते दुकानाच्या पायऱ्या उतरून नवी पेठेच्या गर्दीत उभे राहिले. मागोमाग ऋतुजा आली.

"अप्पा, काय झालं? माऊस उजव्या हाताचा होता म्हणून?"

तेही होतं. मानेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी काढताना उजवीकडची कुठलीशी शीर गेली होती आणि तेव्हापासून त्यांचा उजवा खांदा वर उचलला जात नव्हता. पण त्यांनी पिशवीतून पाटी काढली, खडूने एकच शब्द लिहिला. "घाण."

रेवणसिद्ध कोनापुरे सोलापूरच्या एस.टी. स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. चौकशीच्या खिडकीमागे बसायचं, गाड्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या, हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. आवाज असा की गाणगापूरच्या गाडीची वाट बघत पेंगणारा माणूस खडबडून जागा व्हायचा. लग्नकार्यात लोक त्यांना मुद्दाम माईक द्यायचे. या तीस वर्षांपैकी सव्वीस वर्षं त्यांच्या गालात तंबाखू-सुपारीचा मावा होता. पुकारण्याआधी खिडकीमागच्या डब्यात थुंकायचं, पुकारायचं, आणि पुन्हा पुडी सोडायची. ते आजारपणाच्या रजेवर गेल्यावर नव्या माणसाने माईक दुरुस्तीला दिला. दुरुस्तीवाल्याने जाळी उघडली तेव्हा आतला स्पंज काळातांबडा निघाला. नव्या माणसाने ही गोष्ट हसत हसत घरी येऊन सांगितली होती. कोनापुरे त्या दिवशी जेवले नाहीत.

ऑपरेशनला आता चौदा महिने झाले होते. छातीची कातडी काढून गालाच्या आतून लावली होती. त्या कातडीला छातीवरचे केस होते आणि ते केस तोंडात वाढत. दर पंधरा दिवसांनी गौरम्मा, त्यांची बायको, बॅटरी धरून ते कातरीने कापायची. तिचा चेहरा त्या वेळी भाजी निवडताना असतो तसा असायचा. कोनापुरे मात्र डोळे मिटून घ्यायचे. आपल्या शरीराची इतकी शिसारी माणसाला येऊ शकते, हे त्यांना आधी माहीत नव्हतं.

बोलायला पाटी होती. पण खांद्यामुळे अक्षर हळू उमटायचं. ते अर्धं वाक्य लिहीपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. पाटी वर केली की सगळे थांबून, लहान मुलाने चित्र दाखवल्यावर बघतात तसं बघायचे आणि "व्हय व्हय" म्हणून पुन्हा आपल्या विषयाकडे वळायचे. शेवटी ऋतुजाने आपला कॉलेजातला जुना कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीला जोडून दिला. तरुणपणी कोनापुरेंनी मराठी टंकलेखनाची, मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली होती. ऋतुजाने कॉम्प्युटरवर जुन्या टाईपरायटरसारखी अक्षरं बसवली आणि पहिल्याच दिवशी त्यांची बोटं चालायला लागली. कीबोर्डवर मराठी अक्षरं छापलेली नव्हती, पण त्यांना ती लागतही नव्हती. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत ओळ उमटायची आणि खोलीतल्या कुणालाही वाचता यायची.

अडचण एकच होती. कीबोर्डची वायर दोन हात लांब. टाईप करायचं तर कोपऱ्यातल्या टेबलाकडे तोंड करून, घरातल्या सगळ्यांकडे पाठ फिरवून बसावं लागे. बोलायचं आणि समोरच्याचं तोंड बघायचं नाही. त्यात उद्या रविवारी दुधनीहून ऋतुजाला बघायला पाहुणे येणार होते. मुलीच्या बापाने पाहुण्यांकडे पाठ करून बसायचं म्हणजे काय!

दुसरं दुकान बोळात होतं. काउंटरवर यास्मीन नावाची तिशीतली बाई बसलेली. तिने कोनापुरेंकडे पाहिलं, रुमालाकडे पाहिलं आणि स्टूल पुढे ओढलं.

"बसा चाचा. कुटं ठिवून टाईप करनार तुमी? टेबलावर का मांडीवर?"

कोनापुरेंनी मांडीवर थाप मारली.

"मग ह्यो छोटावाला नको. हलका हाय, मांडीवरनं घसरतो. आन् बटनं लई जवळजवळ हायत." तिने तीन खोकी काढली आणि तिन्ही फोडली. "कॉम्प्युटर जुना हाय का? ब्लूटूथ नसंल तर ही बारकी पिन मागं खोचायची, झालं. सेल दोन लागतात, वरीसभर जातात. माऊस कुटल्या हाताला?"

कोनापुरेंनी डावा हात वर केला.

"मग ह्यो बघा. दोनी बाजूला सारका हाय, कुटल्या बी हातात बसतो."

असं सरळ, हातातल्या कामापुरतं कुणी त्यांच्याशी बोललं त्याला किती दिवस झाले होते, कुणास ठाऊक. त्यांनी पहिला कीबोर्ड मांडीवर घेतला आणि बोटं फिरवली. बटणं लोण्यासारखी खाली जात होती. टकटक नाही की काही नाही.

"ह्यो सगळ्यात चांगला," यास्मीन म्हणाली. "अजिबात आवाज न्हाय. आजकाल सगळे ह्योच मागतात."

त्यांनी तो बाजूला ठेवला. दुसराही तसाच होता. तिसरा जाड, काळा, जुन्या धाटणीचा. प्रत्येक बटण दाबलं की खट् करून वाजायचं. त्यांनी डोळे मिटून एक आख्खी ओळ मारली. दुकान खटखटाटाने भरलं. बोळातला एक माणूस वळून बघायला लागला.

"अप्पा, ह्याचा लई आवाज होतोय," ऋतुजा म्हणाली.

कोनापुरेंनी पाटी घेतली. या वेळी सावकाश, पूर्ण वाक्य लिहिलं. "आवाज नसला तर मी लिहितोय हे कुणाला कळणार?"

ऋतुजाने पाटी वाचली आणि दुसरीकडे बघत राहिली. यास्मीनने काळा कीबोर्ड परत खोक्यात भरला, सेल घालून माऊस चालतो का ते बघितलं आणि म्हणाली, "धा मीटरपर्यंत चालतो, चाचा. मधी भिंत आली तरी चालतो. खोलीत कुटं बी बसा."

संध्याकाळी कोनापुरेंचे थोरले भाऊ अमरेश आले. हे स्थळ त्यांनीच आणलं होतं. मुलाचं दुधनीत धान्याचं आडत दुकान, घरची शेती, एकुलता एक. अमरेशअण्णांनी चहा घेता घेता कोनापुरेंना खाटेवर बसून टाईप करताना पाहिलं. टीव्हीवर ओळ उमटली, "या अण्णा. उद्याची तयारी झाली आहे."

"अरे वा! वायर न्हाय का याला? कुटपर्यंत चालतंय?"

"दहा मीटर," ऋतुजा म्हणाली. "भिंत असली तरी चालतं, काका."

अमरेशअण्णांनी कपबशी खाली ठेवली. आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं, टीव्हीकडे बघितलं. त्यांच्या मनात काय आलं ते कोनापुरेंना त्यांनी तोंड उघडायच्या आतच कळलं.

"मग बेस झालं की, रेवण. उद्या तू आत बस. तब्येत बरी न्हाय म्हनून सांगतो मी. काय इचारायचं असंल ते आतनं टाईप कर, हितं टीव्हीवर दिसतंय. तू हायेस बी, आन्..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "राग मानू नको. मागची दोन ठिकानं का गेली, तुला ठावं हाय. पोरीच्या भल्याचं बोलतोय."

मागच्या दोन्ही पाहुण्यांनी चहा अर्धा टाकला होता. दुसऱ्या वेळच्या बाई तर कोनापुरेंच्या रुमालातून ओघळलेली लाळ बघून उठून ओट्यावर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

कोनापुरेंनी गौरम्माकडे पाहिलं. ती चहाची भांडी गोळा करत होती. ऋतुजाकडे पाहिलं. चोवीस वर्षांची मुलगी, पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासणारी, कुणाला न घाबरणारी. तिने मान खाली घातली होती. 'नाही, अप्पा बाहेरच बसतील' असं ती म्हणेल याची त्यांनी वाट पाहिली. ती म्हणाली नाही. आणि तिचं चुकलं असंही त्यांना वाटेना. आपल्याला आपण नको असतो, तर परक्यांना कशाला हवे असू?

त्यांनी मान हलवली. टीव्हीवर एक शब्द उमटला. "बरं."

रविवारी साडेअकराला पाहुणे आले. मुलगा अजिंक्य, त्याचे वडील आणि आई पार्वतम्मा. कोनापुरे आतल्या खोलीत खाटेवर, मांडीवर कीबोर्ड घेऊन बसले होते. दाराला पडदा होता आणि पडद्याच्या कडेला चार बोटांची फट. त्या फटीतून त्यांना टीव्ही दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त खुर्चीवर बसलेला अजिंक्य.

अमरेशअण्णांनी सगळं समजावून सांगितलं. भाऊ आजारी आहे, बोलायची बंदी आहे, म्हणून ही सोय. कोनापुरेंनी टाईप केलं, "नमस्कार. प्रवास नीट झाला ना?" बाहेर कौतुकाचा आवाज झाला. "काय काय निघालंय बगा!" मुलाचे वडील म्हणाले. त्यांच्या तोंडात काहीतरी होतं. शब्द चिखलातून पाय ओढावा तसे बाहेर येत होते. थोड्या वेळाने ते उठले, अंगणाच्या कडेला गेले आणि पचकन् आवाज झाला. गौरम्माने सकाळीच तिथे सडा घातला होता.

कोनापुरेंनी रुमाल नाकावर घट्ट ओढला.

ऋतुजा पोहे घेऊन आली. अजिंक्यने बशी घेतली, हसला. हसला म्हणजे ओठ ताणले. दात तपकिरी, हिरड्यांपाशी काळे. अठ्ठावीस वर्षांचं पोरगं. चेहरा चांगला होता, डोळे तर फारच. तो ऋतुजाशी नीट, आदराने बोलत होता. तिच्या कामाबद्दल विचारत होता. ती उत्तर देताना एकदा मोकळं हसली, तेव्हा कोनापुरेंना कळलं की या दोघांचं आधी फोनवर बोलणं झालेलं आहे आणि मुलीला हा मुलगा आवडलेला आहे.

मग त्यांचं लक्ष त्याच्या बशीकडे गेलं. तो पोह्यांतली मिरची एकेक करून बाजूला काढत होता. मग कांदाही. एक छोटा घास घेतला, लगेच पाणी प्यायला. दुसरा घास, पुन्हा पाणी. चमचा सरळ तोंडात न घालता तो बाजूने, आडवा सरकवत होता. दात एकमेकांपासून फारसे लांब होतच नव्हते.

कोनापुरेंचे हात कीबोर्डवर थांबले. हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. तीन वर्षं त्यांनी असंच खाल्लं होतं आणि गौरम्माला सांगितलं होतं की दाढ दुखते. धड तोंडात तीन बोटं उभी मावतात, हे त्यांना फार उशिरा, डॉक्टरांकडून कळलं होतं.

बोटं खटखटली. बाहेर टीव्हीवर ओळ आली. "मुलगा मावा खातो का?"

 मग मुलाचे वडील मोठ्याने हसले. "मावा न खानारा एक मानूस दावा की आमच्या गावात! पोरं हायत, खात्यात. लगीन झाल्यावर सुटतंय."

"चेष्टा करतोय तो," अमरेशअण्णा घाईघाईने म्हणाले. "पयल्यापास्नं चेष्टेखोर."

खटखट. "अजिंक्य, हाताची तीन बोटं उभी धर आणि तोंडात घालून दाखव."

"रेवण!" अमरेशअण्णांचा आवाज चढला. पुढची खटखट सुरू झाली तसे ते उठले आणि त्यांनी टीव्ही बंद केला. कोनापुरेंना टीव्ही दिसत नव्हता, पण बटणाचा आवाज ओळखू आला. ते टाईप करत राहिले. पडद्यामागून नुसता खटखटाट येत राहिला, वाचायला काहीच नाही. आपण काय लिहितोय, हे शेवटी त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी मांडीवरचा कीबोर्ड खाटेवर भिरकावला, रुमालाची गाठ सोडली आणि पडदा बाजूला केला.

पार्वतम्मांनी त्यांना पाहिलं आणि पदर नाकाला लावला. डाव्या गालाच्या जागी खड्डा, त्यावर दुसऱ्याच रंगाची कातडी, ओठाच्या कोपऱ्यातून सुटलेली लाळ. मुलाच्या वडिलांचं चावणं थांबलं.

कोनापुरे अजिंक्यसमोर उभे राहिले. डाव्या हाताची तीन बोटं जुळवून उभी धरली आणि आपल्या तोंडाकडे नेली. मग त्याच्याकडे बोट केलं.

त्याला नाही म्हणता आलं असतं. उठून जाता आलं असतं. पण तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला आणि बघता बघता त्याचा हात आपोआप वर गेला. पहिलं बोट गेलं. दुसरं दातांना घासून, अडखळत गेलं. तिसरं बाहेरच राहिलं. त्याने जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, तरी नाहीच.

"अजून उघड की रे," पार्वतम्मा म्हणाल्या. पदर नाकावरून कधी निसटला, हे त्यांना कळलं नव्हतं.

"उघडत न्हाय, अव्वा."

"कधीपास्नं?"

"वरीस झालं. तिखट लागलं की आग व्हतीय."

ऋतुजाच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो तिने खाली ठेवला, आवाज न करता.

मुलाचे वडील उठून उभे राहिले. "पोरगी बघायला बोलावलंत का पोराला आजारी ठरवायला? चला, उठा!" त्यांनी पायात चपला अडकवल्या. दाराबाहेर जाऊन पुन्हा पचकन् थुंकले, या वेळी पायरीवरच. पार्वतम्मा मुलाचा दंड धरून निघाल्या. त्या एकदा वळल्या, कोनापुरेंकडे बघितलं, काहीतरी विचारायचं होतं त्यांना. पण विचारलं नाही.

अमरेशअण्णा भिंतीला टेकून उभे होते. "झालं समाधान? सोन्यासारखं ठिकान घालवलंस. आता तुझी पोरगी आन् तू. मला पुन्हा बोलवू नको."

ते गेल्यावर कोनापुरे आत जाऊन खाटेवर बसले. मग ऋतुजा आतल्या खोलीच्या दारात आली. ती रडली नव्हती, पण चेहरा ओढलेला होता.

"अप्पा, तुमचं बरोबर हाय. मला दिसायला पाहिजे होतं, मी घरात रोज तेच बघते. पण त्याला बाजूला घेऊन सांगता आलं असतं की. मला लिहून दिलं असतं, मी फोनवर सांगितलं असतं. सगळ्यांसमोर, आईबापासमोर... त्याचं तोंड बघितलं का तुम्ही?"

कोनापुरेंनी कीबोर्ड मांडीवर घेतला आणि बोटं बटणांवर ठेवली.  मुलगी म्हणत होती ते खरं होतं. पडद्यामागे बसून लिहायला फार सोपं गेलं होतं. समोर बसलेले असते, तर त्या पोराच्या डोळ्यांत बघून तो प्रश्न असा चारचौघांत विचारला असता का? त्यांना बापाच्या थुंकण्याची किळस आली होती, भावाच्या व्यवहारी शहाणपणाची आली होती, आणि त्या सगळ्याचा राग एका घाबरलेल्या पोरावर निघाला होता. तो राग ते काळजी म्हणून खपवत होते. आता त्यांना स्वतःचीच किळस आली, आणि ही गालाच्या खड्ड्याची नव्हती.

गौरम्मा बादलीभर पाणी घेऊन पायरी धूत होती. खराट्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला.

गुरुवारी दुपारी दाराची कडी वाजली. ऋतुजा कामावर गेली होती. गौरम्माने दार उघडलं. बाहेर अजिंक्य उभा होता, एकटा. तोंडाला रुमाल बांधलेला.

"काका हायत का?"

कोनापुरे बाहेरच्या खोलीतच बसले होते. तो आत आला, पण खुर्चीवर बसेना. "घरी म्हाईत न्हाय मी आलोय ते. वडील म्हनत्यात काय झालेलं न्हाय, थंडीनं जबडा धरतोय." त्याने रुमाल खाली ओढला. "कुटं दावायचं, ते सांगा."

आणि त्याच क्षणी तो वास आला. चुना, सुपारी, तंबाखू. हिंमत यावी म्हणून पोराने वाटेत खाल्ला होता; गाल अजून फुगलेला होता. कोनापुरेंच्या अंगाचा तिळपापड झाला. उठून याच्या थोबाडीत द्यावी, हाकलून द्यावं. चौदा महिन्यांत इतका संताप त्यांना कुणाचा आला नव्हता. त्यांनी कीबोर्ड ओढला आणि बटणं अशी बडवली की गौरम्मा स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"आधी थुंकून ये."

अजिंक्यने टीव्हीवरची ओळ वाचली. मान खाली घालून मागच्या मोरीत गेला. चुळा भरल्याचा आवाज आला, एकदा, दोनदा, पुष्कळदा. मोरीच्या तोंडातून तांबूस पाणी अंगणात वाहत गेलं, मग फिकट, मग नुसतं पाणी.

तो परत आला तेव्हा कोनापुरेंनी समोरच्या खुर्चीकडे हात केला. आता ते त्याच्याकडे बघत, सावकाश टाईप करू लागले. सरकारी दवाखान्यात दंतविभाग कुठे आहे, सोमवारी आणि गुरुवारी कोणते डॉक्टर बसतात, केसपेपर किती वाजेपर्यंत निघतो. आधार कार्ड ने. तुकडा काढून तपासतील, घाबरू नको, सुई टोचल्याइतकं दुखतं.

अजिंक्य प्रत्येक ओळ मोबाईलमध्ये उतरवून घेत होता.

"काका, माझं बी असंच हुनार का?" त्याने नजर वर न करता विचारलं.

बोटं थांबली. खोटं लिहिणं सोपं होतं. "माहीत नाही. तुझी दोन बोटं जातात. माझी जेव्हा दोन बोटं जात होती, तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही." थोडं थांबून त्यांनी पुढची ओळ लिहिली. "रविवारी सगळ्यांसमोर विचारलं. चुकलं माझं."

अजिंक्यने ओळ वाचली. मोबाईलमध्ये ती उतरवून घेतली नाही. "ऋतुजाला सांगू नका मी आलतो ते," एवढंच म्हणाला. आणि मग, "त्यांना बरं ठिकान मिळंल."

दुपारची वेळ झाली होती. कोनापुरेंच्या आंबिलीची. गेल्या वर्षभरात ते कुणासमोर जेवले नव्हते. वाटी आत आणायची, दार लोटून घ्यायचं, असा नियम होता. गौरम्मा दोन वाट्या घेऊन बाहेर आली. ज्वारीची आंबील, ताक घातलेली, मिरची नाही, लसूण नाही. एक तिने नवऱ्यापुढे ठेवली, दुसरी अजिंक्यपुढे.

"तिखट न्हाय यात," ती म्हणाली. "खा."

"नको, काकू. जेवून आलोय."

"न्हाय जेवलास तू," गौरम्मा म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली.

कोनापुरेंनी वाटीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग त्यांनी तोंडावरचा रुमाल काढून मांडीवर पसरला आणि चमचा उचलला. अर्धं तोंडात गेलं, अर्धं हनुवटीवरून ओघळलं. त्यांनी ते पुसलं आणि पुन्हा चमचा भरला. अजिंक्य बघत होता. त्याने नजर वळवली नाही. मग आपली वाटी जवळ ओढली आणि चमचा आडवा करून, दातांच्या फटीतून हळूच आत सरकवला.

खोलीत दोन चमच्यांचा आवाज होत राहिला. वाटी संपली तशी अजिंक्यने ती खाली ठेवली, पण तो उठला नाही.

"अजून वाढू?" गौरम्माने विचारलं.

"थोडी," तो म्हणाला.